मिठाच्या शेवटच्या थरात: पोटॅश शोधायला निघालेल्या नवख्यांसाठी

आपल्याकडे भूविज्ञान शिकलेल्या मुलामुलींचा हात काळ्या पाषाणावर बसलेला असतो. हातोडा मारला की ठणठणणारा, चार महिने पावसात भिजला तरी जसाच्या तसा राहणारा दगड. ही मुलं पहिल्यांदा मिठाच्या बोअरवर येतात, तेव्हा एक सवय सोबत घेऊन येतात: कोअर, म्हणजे बोअरमधून निघालेला खडकाचा दांडा, हातात आला की तो आधी पाण्याने स्वच्छ धुवायचा. उत्तर राजस्थानातल्या एका बोअरवर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. नळाखाली धरलेला लालसर तुकडा मिनिटभरात गुळगुळीत झाला, त्याच्या कडा गेल्या, आणि ज्यासाठी रिग महिनाभर चालली होती ते बादलीत वाहून गेलं. त्या मुलाला कोणी रागावलं नाही. त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगण्यासाठी हा लेख. पोटॅशचे बहुतेक क्षार पाण्यातून सगळ्यांत शेवटी खाली बसतात आणि पाणी लागलं की सगळ्यांत आधी विरघळतात. बेसिन (क्षार-गाळ साचलेलं जुनं खोरं) निवडण्यापासून सॅम्पलच्या पिशवीला गाठ मारण्यापर्यंतचं प्रत्येक काम या एका वाक्यातून निघतं.

काम कशासाठी, तेही मनात स्पष्ट असू द्या. नत्र, स्फुरद, पालाश यांतला पालाश म्हणजे हेच पोटॅश. उसाला, केळीला, द्राक्षाला ते भरपूर लागतं आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारं एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश) हे खत आपण पूर्णपणे आयात करतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने महत्त्वाच्या ३० खनिजांची यादी केली, त्यात पोटॅश आहे. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत या कामावर बरीच नवी माणसं येणार आहेत.

सुरुवात मिठागरातून

पुस्तक उघडण्याआधी उरण, पेण किंवा वसईकडच्या एखाद्या मिठागरात दिवसभर हिंडून या. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात घट्ट होतं. आधीच्या वाफ्यांत चुन्याचा आणि जिप्समचा थर बसतो. पुढे मीठ पडतं. मीठ ओढून घेतल्यावर तळाशी तेलकट, कडवट पाणी उरतं. त्याला कारखानदार बिटर्न म्हणतात. ते पाणी बोटांत चोळून बघा, मिठाच्या पाण्याहून वेगळं, बुळबुळीत लागतं. पोटॅश आणि मॅग्नेशियम त्या पाण्यात आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने याच बिटर्नमधून पोटॅश खत काढण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत.

हा क्रम रसायनशास्त्रज्ञ युसिग्लिओ यांनी १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी आटवून नोंदवला. पाणी मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम, दहाव्या हिश्शाच्या आसपास मीठ, आणि अगदी दोन-चार टक्केच उरलं की पोटॅशचे क्षार. निसर्गात बहुतेक ठिकाणी पाणी इथवर आटतच नाही. मध्येच समुद्र पुन्हा आत घुसतो, नदी येते, पाऊस पडतो. म्हणून मिठाची बेसिन जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली पोटॅश असलेली थोडी. तुमचा प्रश्न "मीठ कुठे आहे" हा नाही. आटत आलेल्या पाण्याचं शेवटचं डबकं कुठे साचलं होतं, हे तुम्ही शोधताय. ते बहुधा बेसिनच्या सर्वांत खोल भागात किंवा सर्वांत जास्त खचत गेलेल्या बाजूला असतं, काठावर नसतं.

चार-पाच खनिजं आणि त्यांचे आकडे

या धंद्यात सगळा हिशोब पोटॅशियम ऑक्साइडच्या टक्केवारीत होतो, म्हणजे के-टू-ओ. खडकात ते त्या रूपात नसतं, पण रिवाज तसा आहे. पोटॅशियमच्या टक्केवारीला १.२०५ ने गुणलं की के-टू-ओ मिळतं. पोटॅशियम क्लोराइडच्या टक्केवारीला ०.६३२ ने गुणायचं. जुन्या अहवालात नुसतं "पोटॅश ८ टक्के" लिहिलेलं असेल, तर ते तिघांपैकी काय आहे हे कळल्याशिवाय तो आकडा वहीत उतरवू नका.

सिल्व्हाइट म्हणजे शुद्ध पोटॅशियम क्लोराइड, त्यात के-टू-ओ ६३ टक्के. सैंधवासारखंच दिसतं, घनाकृती फुटतं, पण बरेचदा लोहाच्या कणांमुळे लालसर असतं. कॅनडाहून येणारं एमओपी लाल दिसतं ते त्यामुळेच. कार्नालाइटमध्ये पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि वजनाच्या जवळजवळ ३९ टक्के पाणी. के-टू-ओ १७ टक्के. ते सरळ पापुद्र्यांत फुटत नाही, काचेसारखं वेडंवाकडं फुटतं आणि हवेतला ओलावा ओढून रडायला लागतं. पॉलिहॅलाइट हे सल्फेट आहे, के-टू-ओ साडेपंधरा टक्के, बरंच जड, दिसायला विटकरी किंवा करडं. जिप्सम-ॲनहायड्राइटच्या थरात ते सहज निसटून जातं. लँगबेनाइट (साधारण २३ टक्के) आणि कैनाइट (१९ टक्के) कमी वेळा भेटतात.

सवय लावण्यासाठी घरीच एक गोष्ट करा. सैंधवाचा खडा आणि लाल एमओपीचा दाणा शेजारी ठेवा. स्वच्छ स्टीलची तार एकेकाला लावून स्पिरिटच्या दिव्यात धरा. सैंधव झगझगीत पिवळं जळतं. एमओपीची ज्योत जांभळट असते, पण त्यात मिठाचा अंश असल्याने पिवळा रंग तिला झाकून टाकतो. आता मध्ये कोबाल्टची निळी काच धरा, पिवळा गळून जातो आणि जांभळा उरतो. बोअरच्या मांडवात मी ही काच कायम खिशात ठेवते. जुने लोक कोअरला जीभ लावून बघायचे. सिल्व्हाइट खारट-कडू लागतं. ताज्या, धुळीशिवायच्या खडकावर मी ते अजूनही करते. खताच्या दाण्यावर मात्र चुकूनही करू नका.

बेसिन निवडताना आधी फायली

पोटॅशची मोठी क्षेत्रं अनेकदा दुसरंच काही शोधताना सापडली आहेत. जर्मनीत श्टासफुर्टला लोक मिठासाठी खाली उतरले होते. वरचा कडू, रंगीत थर ते निरुपयोगी म्हणून फेकून देत. १८६१ पासून त्याच थरातून जगातला पहिला पोटॅश उद्योग उभा राहिला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ १९२५ मध्ये तेलाच्या विहिरीत पोटॅश लागलं. कॅनडाच्या सस्कॅचवानमध्येही १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाच्याच विहिरीत. आज जगाला सर्वांत जास्त पोटॅश पुरवणारा देश कॅनडा आहे.

म्हणून पहिले तीन महिने तुम्ही टेबलावर असाल, आणि त्याचा कंटाळा करू नका. तेलाच्या, पाण्याच्या, लिग्नाइटच्या जुन्या बोअरच्या नोंदी गोळा करा. "लाल मीठ", "कडू पाणी", "भोक अचानक मोठं झालं", "मड एकाएकी खारट झालं" अशा शेऱ्यांवर खूण करा. (मड म्हणजे बोअर घेताना भोकात फिरवतात तो द्रव.) ड्रिलरने कंटाळून लिहिलेल्या एका ओळीत पुढच्या दोन वर्षांचं काम दडलेलं असू शकतं.

आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण नागौर-गंगानगर बेसिनचं. बिकानेर, हनुमानगड, श्रीगंगानगर हा सगळा टापू वरून पाहिला तर वाळूच्या टेकड्या, कालव्यावरची मोहरी, कापूस आणि किन्नूच्या बागा. मिठाचा मागमूस नाही. खाली नागौर वालुकाश्म, त्याखाली हनसेरान नावाने ओळखला जाणारा क्षारांचा गट आणि त्याखाली बिलाडाची चुनखडी. वय कॅम्ब्रियन कालखंडाच्या उंबरठ्यावरचं, म्हणजे पाकिस्तानातल्या खेवड्याच्या सैंधवाच्या बरोबरीचं. १९७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथे पोटॅशसाठी बोअर घ्यायला सुरुवात केली. मिठाची सात आवर्तनं सापडली: समुद्र आला, आटला, परत आला, परत आटला. पोटॅश सतीपुरा, भरुसरी, लाखासर अशा वेगवेगळ्या उपखोऱ्यांत विखुरलेलं आहे. सरकारी अंदाज सुमारे २४० कोटी टन खनिजाचा आहे. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. यातला मोठा वाटा पॉलिहॅलाइटचा आहे, आणि तो कुठे अडतो ते पुढे येईल.

एकाच बेसिनमध्ये सात आवर्तनं असतील, तर प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढायचा. कुठल्या आवर्तनात पाणी शेवटपर्यंत आटलं, आणि तेव्हा खोल जागा कुठे होती? आवर्तनागणिक ती जागा सरकते. सगळ्या मिठाची एकत्र जाडी दाखवणारा नकाशा दिसायला देखणा असतो, पण त्यावरून बोअरची जागा ठरवू नये.

इथेच ब्रोमीनचा आधार घ्या. समुद्राच्या पाण्यातून पडणाऱ्या पहिल्या मिठात दहा लाखांत साधारण ७० भाग ब्रोमीन असतं. पाणी जसं आटत जातं तसं ते मिठात वाढत जातं आणि पोटॅशच्या टप्प्याला २०० च्या पुढे जातं. जुन्या कोअरमधल्या मिठाचे दर काही मीटरला तुकडे घेऊन ब्रोमीन तपासा. वर जाताना आकडा चढत असेल, तर पाणी पोटॅशकडे चाललं होतं. मध्येच आपटला, तर नवं पाणी आत आलं. मीठ एकदा विरघळून पुन्हा बसलेलं असेल तर आकडा कमी दिसतो, हे विसरू नका. पोटॅश न लागलेल्या बोअरमध्येही हा आलेख सांगतो की पुढचा बोअर कोणत्या दिशेला घ्यावा.

गॅमा लॉग: इथे वेळ घालवा

निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा, ०.०११७ टक्के, पोटॅशियम-४० या किरणोत्सारी रूपात असतो. म्हणून बोअरमध्ये गॅमा मोजणारं उपकरण सोडलं की पोटॅशचा थर स्वतःच बोलतो. मिठाची रेघ डाव्या कडेला, शून्याजवळ सरळ चालते आणि मध्येच एक सुळका उजवीकडे उसळतो. तेलाच्या विहिरींत हा लॉग, म्हणजे खोलीगणिक मोजमापाचा आलेख, जवळपास नेहमीच घेतलेला असतो, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची, पोटॅशचा विचारही न करता खोदलेली विहीर आज तुम्हाला उत्तर देऊ शकते.

पण मातीचा थरही गॅमा देतो. शेलमध्ये पोटॅशियम, थोरियम, युरेनियम तिन्ही असतात आणि मिठाच्या बेसिनमध्ये मातीचे पट्टे पुष्कळ. नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. एकट्या गॅमावर विश्वास ठेवू नका. चार रेघा शेजारी ठेवून वाचा: गॅमा, न्यूट्रॉन (खडकातलं पाणी दाखवणारी), घनता आणि कॅलिपर (भोकाची रुंदी दाखवणारी).

आकडे ढोबळ, पण पाठ असावेत असे. मीठ: गॅमा जवळजवळ शून्य, न्यूट्रॉन शून्य, घनता लॉगवर २.०३. सिल्व्हाइट: गॅमा पाचशे एपीआयच्या (गॅमा मोजायचं एकक) वर, न्यूट्रॉन शून्याजवळच, घनता १.८६. म्हणजे मिठाहून हलकं, पाणी नाही आणि गॅमा प्रचंड. कार्नालाइट: गॅमा २०० च्या आसपास, घनता १.५७, आणि त्यातल्या पाण्यामुळे न्यूट्रॉन एकदम वर. पॉलिहॅलाइट: गॅमा पुन्हा २०० च्या आसपास, पण घनता २.७९ आणि न्यूट्रॉन मध्यम. कार्नालाइट आणि पॉलिहॅलाइट गॅमावर जुळ्या बहिणी वाटतात. घनता बघताच वेगळ्या होतात. माती: गॅमा शे-दीडशे, न्यूट्रॉन वर, घनता अडीचच्या आसपास आणि कॅलिपरवर भोक वेडंवाकडं.

कॅलिपर आधी बघायचा, गॅमा नंतर. भोक फुगलेलं असेल तर मधल्या मडमुळे गॅमा कमी दिसतो आणि घनतेचा आकडा खोटा येतो. आणि पोटॅशचा थर विरघळूनच भोक फुगतं, म्हणजे जिथे माल सर्वांत चांगला तिथेच वाचन सर्वांत कच्चं. थर अर्ध्या मीटरहून पातळ असेल तर सुळका खऱ्या ग्रेडपेक्षा (मालातल्या के-टू-ओच्या टक्केवारीपेक्षा) ठेंगणा येतो. जुन्या लॉगवरून के-टू-ओ काढायचं असेल, तर त्याच बेसिनमधल्या कोअरच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी जुळवून स्वतःचा आलेख बनवा. दुसऱ्या देशातलं सूत्र उचलून इथे लावू नका.

सेस्मिक (जमिनीतल्या कंपनलहरींचं) आणि गुरुत्वाकर्षण मापनाबद्दल थोडक्यात: मिठाचा माथा-तळ, भ्रंश आणि खचलेल्या जागा दाखवायला ती उत्तम. पोटॅशचा दोन मीटरचा थर ती दाखवत नाहीत. कुणी तसा दावा केला तर पुरावा मागा.

बोअर घेताना पाणी दूर

साध्या पाण्यावर मिठात बोअर घेतला तर मीठ विरघळतं, हे कुणालाही कळतं. त्यापुढची गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. मडमध्ये मीठ तृप्त होईपर्यंत घातलं, मीठ सुरक्षित राहिलं आणि आम्ही निश्चिंत झालो. पण ते पाणी फक्त सैंधवाने तृप्त असतं. पोटॅशियमची त्याची भूक शाबूत असते. ते सिल्व्हाइट खातं आणि त्या जागी थोडं मीठ बसवतं. कोअर पूर्ण निघतो, दिसायला ठीक, आणि ग्रेड कमी. मडमध्ये पोटॅशियम क्लोराइडही तृप्त करा. कार्नालाइट असेल तर तेही पुरत नाही, मॅग्नेशियम क्लोराइडने तृप्त केलेला मड किंवा तेलाचा मड लागतो. मडचं पोटॅशियम रोज तपासा. कोअर काढताना ते वाढत असेल, तर तुमचा थर मडमध्ये चालला आहे.

वरच्या वालुकाश्मातलं गोडं पाणी मिठाच्या थराला भिडू नये म्हणून मिठाचा माथा लागण्याआधी केसिंग (भोकाला आतून पाइप) घालून सिमेंट करा. काम संपल्यावर बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंटने बंद करा, त्यात कसर नको. उघडा सोडलेला एक बोअर उद्याच्या खाणीत पाणी सोडू शकतो. रशियातल्या बेरेझ्निकीची एक पोटॅश खाण २००६ मध्ये पाणी शिरून गेली आणि पुढच्या वर्षी वरची जमीन खचून प्रचंड खड्डा पडला. सस्कॅचवानमधली पेशन्स लेक खाण १९८७ मध्ये पाण्याने भरली. मिठाच्या खाणीत पाणी शिरलं की ते वाट मोठी करत जातं.

कोअर बाहेर आल्यावर

सगळं आधी मांडून ठेवा: कोरडी फडकी, जाड प्लॅस्टिकच्या नळ्या, गाठ मारायच्या पट्ट्या, मार्कर, कॅमेरा. कोअर बॅरलमधून आला की मड कोरड्या फडक्याने पुसायचा. गरज पडली तर त्याच तृप्त मडने किंवा खनिज तेलाने. पाण्याने नाही. लगेच फोटो, लगेच खोलीची खूण, लगेच लांबी मोजून रिकव्हरीची (खोदलेल्या लांबीपैकी किती कोअर हाती आला याची) नोंद आणि दहा मिनिटांत प्लॅस्टिकमध्ये बंद. पोटॅशच्या थरात ९५ टक्क्यांहून कमी रिकव्हरी आली तर गृहीत धरा की गेलेला भाग चांगल्या मालाचा होता.

जुलैतली एक आठवण आहे. लाल पट्टा असलेला एक बॉक्स रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये उघडा राहिला. सकाळी त्याच्या लाकडावर ओला डाग होता, कोअरच्या अंगावर घामासारखे थेंब, आणि पट्टा दोन सेंटिमीटर खोल गेलेला. रिगवर जेवण करणारे काका म्हणाले, "ताई, याला तर मिठाच्या बरणीसारखं पाणी सुटलंय." तो कार्नालाइट होता, आणि त्या दोन सेंटिमीटरचं विश्लेषण आता कुणीही करू शकणार नाही. तेव्हापासून माझ्या गाडीत सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि पावसाळ्यात कोअर-शेडमध्ये ओलावा शोषणारं यंत्र चालतं.

कोअर कापायला कोरडी करवत. सॅम्पल ठरावीक मीटरला न घेता खनिजाच्या पट्ट्याप्रमाणे घ्या, साधारण १० ते ३० सेंटिमीटरचं, आणि थराच्या वर-खाली एकेक मीटर जादा. अर्धा कोअर सीलबंद जपून ठेवा.

प्रयोगशाळेला लेखी सांगा: १०५ अंशांवर वाळवू नका. कार्नालाइटच्या स्फटिकातलं पाणी निघायला लागतं, वजन बदलतं, आणि ग्रेड कागदावर फुगते. पोटॅशियमचे दोन आकडे मागा, पाण्यात विरघळणारं आणि एकूण. फरक मोठा आला तर दोन शक्यता: एक, माती आणि फेल्स्पारमधलं निरुपयोगी पोटॅशियम; दोन, पॉलिहॅलाइट, जे पाण्यात फार सावकाश विरघळतं आणि घाईच्या चाचणीत निम्मं आतच राहतं. सोबत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि न विरघळणारा गाळ. हे सगळं जुळवून खनिजं मांडा आणि बेरीज शंभरच्या जवळ येते का बघा. नुसत्या पोटॅशियमच्या आकड्यावरून सिल्व्हाइट की कार्नालाइट हे कळत नाही, आणि पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

सुकलेली सरोवरं: इथे पाणी मोजायचं

दुसरी वाट अगदी वेगळी. चीनमधलं चारहान आणि लोप नूर, चिलीतलं सालार दे अताकामा, पश्चिम ऑस्ट्रेलियातली सुकी सरोवरं: इथे पोटॅश बहुतांशी मिठाच्या कवचाखालच्या घट्ट खाऱ्या पाण्यात असतं. आपल्याकडे कच्छच्या रणाच्या खाऱ्या पाण्यात ते आहे.

प्रत्येक खारं सरोवर पोटॅशचं नसतं. सांभरचं पाणी सोडियमने भरलेलं, पोटॅशियम अगदी नगण्य. आपलं लोणारही सोड्याचं. भोवतालचा बेसॉल्ट मुळातच पोटॅशियममध्ये गरीब, शिवाय पाण्यात आलेलं थोडंफार पोटॅशियम चिकणमाती धरून ठेवते. म्हणून आधी पाणलोट बघा: ग्रॅनाइट, ज्वालामुखीचे पोटॅशियमयुक्त खडक किंवा जुने मिठाचे थर धुऊन पाणी येतं का? मग सोडियम आणि पोटॅशियमचं गुणोत्तर काढा. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे २७ ला १ आहे. तुमच्या सरोवरात ते याहून बरंच खाली असेल तर थांबण्यासारखी जागा आहे.

कवचात हाताच्या ऑगरने (मातीत फिरवायच्या गिरमिटाने) किंवा कुदळीने खड्डा घ्या. पहिलं जमलेलं पाणी उपसून टाका, पुन्हा भरू द्या, मग सॅम्पल. तिथेच तापमान आणि हायड्रोमीटरने घनता नोंदवा. मिठाने तृप्त पाणी १.२ दाखवतं, त्याहून बरंच वर गेलं तर मॅग्नेशियम साचलंय. बाटली काठोकाठ भरा. आणि दुसरी बाटली जागेवरच वजन करून शुद्ध पाण्याने दहापट पातळ करून ठेवा. एका जानेवारीत मी हे केलं नाही. रात्रभर जीपमध्ये राहिलेल्या बाटल्यांच्या तळाशी सकाळी सल्फेटच्या लांब सुया जमल्या होत्या, आणि वरचं पाणी आता रणातलं पाणी राहिलं नव्हतं. चोवीस बाटल्यांसाठी पुन्हा चाळीस किलोमीटर आत गेलो.

अहवालात "मिलिग्रॅम प्रति लिटर" आणि "मिलिग्रॅम प्रति किलो" नीट बघा. घनता १.२ असताना दोघांत २० टक्क्यांचा फरक पडतो. साध्या पाण्यावर शिकलेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही.

साठ्याचा हिशोब एकदा हाताने करा. समजा क्षेत्र १०० चौरस किलोमीटर, पाण्याने भरलेला थर १० मीटर, पाण्यात पोटॅशियम दर घनमीटरला ५ किलो. थराची सच्छिद्रता ४० टक्के, पण पंपाने खरोखर निघेल असं पाणी १० टक्केच. बाकीचं चिकणमाती सोडत नाही. १० टक्के धरून १० कोटी घनमीटर पाणी आणि ५ लाख टन पोटॅशियम. ४० टक्के धरलं तर कागदावर २० लाख टन. तीच जागा, तेच पाणी, चौपट आकडा. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की सर्वांत आधी शोधा, कोणती टक्केवारी धरली आहे. ती प्रयोगशाळेतल्या कोअरवरून आली असेल तर अर्धवट. आठवडेच्या आठवडे पंप चालवून, शेजारच्या बोअरमधली पातळी आणि पोटॅशियम दोन्ही मोजून आली असेल तर धरण्यासारखी. तीच विहीर पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, अशी दोनदा तरी तपासा.

शेवटी त्या पाण्यातलं थोडं उथळ ट्रेमध्ये उन्हात आटवा. मिठागरात पाहिलेला क्रम इथे डोळ्यांसमोर घडतो, आणि मॅग्नेशियम जास्त असेल तर शेवटी कार्नालाइट बसतं. मृत समुद्राकाठचे वाफे अशाच कार्नालाइटवर चालतात. हवेत दमटपणा असेल तर आटण्याचं काम मध्येच अडतं. किती दिवस अडलं, ते लिहून ठेवा.

काढता येईल का, आणि कोणाला विचारायचं

पारंपरिक भुयारी खाण हजार-अकराशे मीटरपर्यंत चालते. त्याखाली, किंवा थर वाकडातिकडा असेल तर, गरम पाणी सोडून विरघळवून काढायची पद्धत. ही सिल्व्हाइटला मानवते. पॉलिहॅलाइटला मानवत नाही: ते हळू विरघळतं आणि मागे जिप्समचं कवच सोडतं, ते कवच पुढचं विरघळणं रोखतं. राजस्थानात २०२१ मध्ये विरघळवून पोटॅश काढण्याच्या अभ्यासासाठी केंद्र आणि राज्याच्या संस्थांमध्ये करार झाला, तेव्हा माझ्यासारख्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच होता की कोणत्या आवर्तनात, कुठे, किती सिल्व्हाइट. म्हणून बोअरचा अहवाल लिहिताना प्रत्येक खनिजाचा वेगळा हिशोब द्या. सगळ्यांचं एकत्र के-टू-ओ देऊन पुढच्या माणसाला अंधारात ठेवू नका.

परवानगीशिवाय कुठेही बोअर घेऊ नका. खाण व खनिज कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर पोटॅशचे ब्लॉक केंद्र सरकार लिलावाने देतं, आणि काम जी-४ रेकीपासून (प्राथमिक पाहणीपासून) जी-१ सविस्तर शोधापर्यंत पायरीपायरीने जातं. कच्छच्या छोट्या रणात रानगाढवांचं अभयारण्य आहे. सांभर आणि लोणार रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. तिथे खड्डाही खणण्याआधी वनखात्याकडे जायचं.

आणि रणात गेलात तर तिथे मीठ पिकवणाऱ्या आगरियांकडे बसा. आपल्याकडच्या आगरी लोकांसारखंच त्यांचं आयुष्य मिठाच्या वाफ्यांत गेलेलं असतं, मात्र ते जमिनीखालचं खारं पाणी विहिरीतून ओढून मीठ पिकवतात. कोणत्या विहिरीचं मीठ कडू येतं, कुठलं पाणी वाफ्यात आटता आटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ती त्यांच्या दृष्टीने वाईट विहीर असते. तिची जागा विचारा, त्यांची परवानगी घ्या, आणि पहिली बाटली तिथे भरा.